बिनविस्तवाचा खाऊ

लहानपणी चुलीजवळ जायला आम्हाला मज्जाव होता. पाक, कढई, उलथनं सगळं मोठ्यांच्या हातातलं. मुलांच्या हक्काचा खाऊ एकच, चिंचेच्या गोळ्या. त्यांना विस्तव लागत नाही, म्हणून पहिल्यापासून शेवटपर्यंत ते काम आमचं.

आमच्या वडखळच्या आसपास खाडी आणि मिठागरं. उन्हं तापली की तिथं मीठ धरायचं आणि त्याच दिवसांत, फाल्गुनाच्या सुमाराला, चिंचाही उतरायच्या. आजी चिंचा फोडायला बसे. टरफलं, शिरा एका बाजूला, चिंचोके आमच्या खेळाला. साठवणीची चिंच जाडं मीठ लावून बरणीत जाई, उरलेली आमच्या पाट्यावर.

वाटीभर चिंच, तेवढाच काळसर मऊ गूळ, चमचाभर कच्चं जिरं, मीठ, चिमूटभर तिखट. आधी जिरं आणि मीठ वाटायचं, मग चिंच, शेवटी गूळ. पाण्याचा थेंबही नाही. मीठ आणि गूळ चिंचेतला ओलावा ओढून घेतात आणि ठेचता ठेचता गोळा आपणच मऊ होतो. गोळ्या टिकतात त्याही त्यामुळेच. मग तळहाताला तुपाचं बोट लावून वळायच्या, नारळाच्या झावळीचे हीर धुऊन त्यांवर टोचायच्या आणि सुपात घालून उन्हात ठेवायच्या. आजी मीठ किती ते सांगत नसे. ‘‘चाखा आणि तुम्हीच ठरवा,’’ एवढंच म्हणे. माझ्या जिभेवर कुणी विसंबतं आहे, हे मला त्या पाट्यापाशी पहिल्यांदा कळलं. स्वयंपाकातलं पुढचं सगळं मी त्या भरवशावर शिकले.

पुढे शिकायला बाहेर पडले तेव्हा ट्रंकेत गोळ्यांचा डबा असे. संसारात पाट्याच्या जागी खलबत्ता आला, मुलीनं त्यात ठेचलं.

२००६ साली आयोडीन नसलेलं मीठ खाण्यासाठी विकायला देशभर बंदी आली. गलगंडाचा विचार केला तर ते योग्यच झालं. पण जाड्या मिठाच्या जागी आलेलं पाकिटातलं बारीक मीठ त्याच चमच्यात जास्त मावतं, तेव्हा हात आखडता घ्यावा लागतो. २०११ साली वडखळवरून जाणाऱ्या महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचं रुंदीकरण सुरू झालं, रस्त्याकडेची जुनी झाडं गेली, त्यांत आमच्या ओळखीच्या चिंचाही. त्याचं दुःख मला अजून होतं. आता चिंच पेणच्या बाजारातून आणते.

नाती येतात त्या सुट्टीत खलबत्ता त्यांच्या ताब्यात. अगदी तान्ह्या नातवाला मात्र हिरावरची गोळी देत नाही, नुसतं बोट चाटवते. धाकटीला तिखट नको, थोरलीला झोंबलंच पाहिजे. मी मध्ये पडत नाही. दोघी गोळा वाटून घेतात आणि थोरली आपल्या हिरांना लाल दोरा बांधते, म्हणजे डब्यात अदलाबदल व्हायला नको.