पावणेदोन वळणे

मार्च महिना हा व्यापारी घरात हिशेबाचा महिना. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे भरात असतात, वसुलीची घाई असते आणि 31 तारीख जवळ येईल तशा पेढीवरच्या फायली घरच्या दिवाणखान्यापर्यंत येऊन पोहोचतात. 2024 च्या मार्चमध्ये यार्डातील एका पेढीच्या मालकांकडे या धांदलीत आणखी एका कागदाची भर पडली होती. त्यांच्या मोटारसायकलीची नोंदणी संपत आली होती. 1999 च्या पाडव्याला घेतलेली हिरो होंडा स्प्लेंडर. पहिली पंधरा वर्षे, मग पाच, मग आणखी पाच. आता हे तिसरे नूतनीकरण होते.

मालकांना यार्डात सगळे अण्णा म्हणतात. वय पासष्टच्या पुढे. घरात मोटार आहे, मुलाची नवी स्कूटर आहे. तरीही पेढीवर जायचे ते याच गाडीवरून. वडिलांच्या पश्चात पेढी सांभाळताना, कोणाचे एक पैशाचे देणे न ठेवता घेतलेली ती पहिली वस्तू होती. तिच्यावर त्यांचा जीव असणे स्वाभाविक होते. मुलगा मात्र तीन वर्षांपासून एकच वाक्य ऐकवीत होता, "अण्णा, आता द्या की काढून."

नूतनीकरणासाठी आधी प्रदूषणाचे प्रमाणपत्र हवे. तपासणीच्या नळीने काट्यासारखा उत्तर दिला : नापास. एप्रिल 2000 पूर्वीच्या दुचाकीला धुरात कार्बन मोनॉक्साइड साडेचार टक्क्यांपर्यंत चालतो, गाडी त्याच्या वर गेली होती. शेजारीच बसलेल्या एका फिटरने स्क्रूड्रायव्हर काढला, कार्ब्युरेटरच्या बाजूचा एक लहानसा पितळी स्क्रू थोडा फिरवला, इंजिनाचा आवाज बदलला आणि आकडा खाली आला. पाच मिनिटांत प्रमाणपत्र हातात. अण्णांनी खुशीने पैसे दिले, वर त्याच्या हाताचे कौतुकही केले.

ज्यांनी बँकेत बसून वर्षानुवर्षे ताळेबंद चाळले आहेत, त्यांना हा प्रकार फार ओळखीचा वाटेल. 31 मार्चला ओव्हरड्राफ्टमध्ये रक्कम येऊन बसते, 2 एप्रिलला निघून जाते. ताळेबंद त्या एका दिवसापुरता सुंदर दिसतो. त्याला हिशेबाच्या भाषेत ‘विंडो ड्रेसिंग’ म्हणतात. आकडा खोटा नसतो. मात्र तो धंद्याची प्रकृती सांगत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी अण्णा नातीला शिकवणीला सोडायला निघाले. यार्डाजवळच्या चौकात थांबले, रस्ता मोकळा दिसला, गिअर टाकून अ‍ॅक्सिलरेटर पिळला आणि गाडीने पुढे उसळण्याऐवजी एक आचका दिला व रस्त्याच्या मधोमध ती बंद पडली. उजवीकडून उसाचा ट्रॅक्टर येत होता, मागे दोन भरलेल्या ट्रॉल्या. गळिताचा हंगाम संपत आला की या ट्रॅक्टरांची घाई वाढलेली असते, आणि दोन ट्रॉल्यांचे वजन ब्रेकवर सहजी थांबत नाही, हे त्या रस्त्यांवर राहणाऱ्यांना सांगावे लागत नाही. ट्रॅक्टरवाल्याने ओरडत चाक वळवले. शेवटच्या ट्रॉलीतून लोंबणारी उसाची वाडी नातीच्या दप्तराला घासून गेली. कोणाला काही झाले नाही.

घरी अण्णांनी ही गोष्ट सांगितली नाही. नातीने सांगितली.

त्या रात्री मुलगा फारसा बोलला नाही. "गाडी उद्यापासून नको," एवढेच म्हणाला. अण्णांनाही उत्तर सुचले नाही, कारण प्रमाणपत्र मिळाल्यापासूनच गाडी आचके देत आहे, हे त्यांना चार दिवस कळत होते. कागद झाला होता म्हणून त्यांनी तिकडे दुर्लक्ष केले होते. ही टोचणी मुलाच्या शब्दांपेक्षा जास्त होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी चालवली नाही, ढकलत नेली. गावभागातल्या जुन्या मिस्त्रींकडे. मिस्त्रींनी किक मारली, कान दिला, हलकेच अ‍ॅक्सिलरेटर दिला. इंजिन घुटमळले.

"अण्णा, गाडी उपाशी हाय."

"धूर जास्त म्हणून नापास झाली होती, आणि तुम्ही उपाशी म्हणता?"

"आधी जास्त खात हुती. का खाती ते कुणी बघितलं न्हाई, ताटच काढून घेतलं."

या एका वाक्यात कार्ब्युरेटरचे बहुतेक शास्त्र येते. कार्ब्युरेटर म्हणजे मुळात मध्ये अरुंद केलेली हवेची नळी. अरुंद जागी हवेचा वेग वाढतो व दाब घटतो. हा नियम ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते इटलीचे व्हेंच्युरी 1822 मध्ये, मोटारसायकल जन्मण्याच्या कितीतरी आधी, वारले. खालच्या वाटीतल्या पेट्रोलवर मात्र बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो, त्यामुळे ते बारीक छिद्रांतून वर ढकलले जाते आणि फवारा होऊन हवेत मिसळते. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनाने एका भागाला 14.7 भाग हवा लागते. पेट्रोल याहून जास्त झाले तर मिश्रण दाट होते : धूर, काजळी, प्लग काळा, खर्च वाढतो. कमी झाले तर विरळ : इंजिन तापते, अ‍ॅक्सिलरेटर देताच घुटमळते, सोडताच सायलेन्सरमध्ये फटफट आवाज येतो.

एकच छिद्र सर्व वेगांना पुरत नाही, म्हणून कार्ब्युरेटरमध्ये जणू वेगवेगळी खाती असतात. गाडी उभ्या जागी चालू असते तेव्हा आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या पहिल्या आठव्या भागापर्यंत कारभार पायलट जेटचा आणि त्या पितळी स्क्रूचा. तिथून पाव भागापर्यंत पिस्टनसारख्या सरकणाऱ्या स्लाइडच्या कापलेल्या कडेचा प्रभाव. पावापासून पाऊण भागापर्यंत नीडलचा. आणि त्यापुढे, म्हणजे मोकळ्या महामार्गावर पूर्ण पिळला तरच, मेन जेटचा. आता गावातले फिरणे आठवून पाहावे. चौक, गतिरोधक, भाजीची गाडी, मध्येच आलेली म्हैस. अ‍ॅक्सिलरेटर पाव भागाच्या पुढे फारसा जातच नाही. म्हणजे गावात गाडी लोण्यासारखी चालावी असे वाटत असेल तर सारे लक्ष त्या पहिल्या दोन खात्यांकडे हवे. हौशी तरुण मोठा मेन जेट बसवून आणतात आणि चौकातला आचका तसाच राहतो. ज्या खात्यात तूट नाही त्यात भरणा केल्यासारखे ते आहे.

मिस्त्रींनी स्क्रूला हात लावला नाही. आधी एअर फिल्टर काढला. फोमचा तुकडा, मूळ रंग करडा असावा. निघाला तो पिवळाधमक. पंचवीस वर्षे हळदीच्या यार्डात उभी राहणारी गाडी दुसरे काय श्वासात घेणार? फिल्टर तुंबला की हवा कमी, मिश्रण दाट. ज्या धंद्याने गाडी दिली त्याच धंद्याने तिचा श्वास कोंडला होता, आणि अण्णांना त्यावर हसावे की नाही ते कळेना. मग पेट्रोलचा कॉक बंद करून वाटी सोडली. तळाशी पाण्याचा थेंब आणि तांबूस गाळ. फ्लोटच्या झडपेचे टोक झिजून त्यावर गोल खाच पडलेली. ती झडप नीट बसत नसल्याने वाटीत पेट्रोलची पातळी चढत होती. दाट मिश्रणाची ही दोन खरी कारणे. पहिल्या फिटरने ती तशीच ठेवून फक्त पायलटचे मिश्रण विरळ केले. उभ्या गाडीचा धूर सुधारला, कारण तपासणी उभ्या गाडीचीच होते. गाडी निघताना लागणारे पहिले चार थेंब मात्र बंद झाले.

वाटीतल्या पाण्याबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे. 2023 पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल देशात पंपांवर येऊ लागले. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते, म्हणून महिनोन्‌महिने उभ्या गाडीच्या टाकीत ते साठवू नये. शिवाय त्यात स्वतःचा प्राणवायू असल्याने त्याला हवा कमी लागते; वीस टक्के मिश्रणाला 14.7 ऐवजी सुमारे साडेतेरा भाग पुरतात. इंजेक्शनच्या नव्या गाड्यांतील संवेदक हा फरक ओळखून पेट्रोल वाढवतात. 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज 6 लागू झाल्यावर बहुतेक सर्व नव्या दुचाकी तशाच आहेत. जुन्या कार्ब्युरेटरला हे कळण्याचा मार्ग नाही. त्याची छिद्रे तेवढीच राहतात, म्हणून मिश्रण आपोआप थोडे विरळ होते. अण्णांना यात वेगळीच गंमत वाटली. चौकात ज्या उसाखाली गाडी जायची राहिली, त्याच उसाचा अंश टाकीतही होता.

गाडी रात्रभर तिथेच राहिली, कारण टॅपेटचे अंतर इंजिन पूर्ण थंड असतानाच मोजायचे असते. 0.05 मिलिमीटर, वहीच्या कागदाहूनही कमी. सकाळी ते झाले. फिल्टर रॉकेलमध्ये धुऊन, पिळून, तेलाचा हात देऊन बसवला होता. जेट हवेच्या झोताने साफ केले. तार घालू दिली नाही, तारेने छिद्र रुंदावते. इंजिनाकडे जाणाऱ्या जोडाचे रबर तडकलेले नाही ना, तेही पाहिले. तिथून हवा शिरत असेल तर स्क्रू फिरवून आयुष्य गेले तरी गाडी जुळत नाही. नवी झडप, नवा प्लग, आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलला जरासा ढिलेपणा.

मग दहा मिनिटे गाडी चालवून इंजिन गरम केले. थंड इंजिनावर केलेली जुळणी गरम झाल्यावर टिकत नाही. तो स्क्रू हलक्या हाताने शेवटपर्यंत आत. जोर लावला तर त्याचे टोक कायमचे बिघडते. तिथून दीड वळण बाहेर, आणि इंजिन सुरू. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा असतो, आत फिरवल्यास मिश्रण दाट होते. इंजिनाच्या बाजूला असेल तर नेमके उलट. हे न पाहता फिरवणारे बरेच असतात. मिस्त्री पाव-पाव वळण फिरवून थांबत होते, ऐकत होते. एका जागी इंजिनाचा वेग सर्वांत चढला. तिथे तो स्क्रू सोडून त्यांनी दुसऱ्या स्क्रूने, जो केवळ स्लाइड किती उघडी राहावी हे ठरवतो, वेग खाली आणला. पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा. या गाडीला मिनिटाला साधारण 1400 फेरे हवेत. मीटर नव्हता, कान होता. शेवटी अ‍ॅक्सिलरेटरला झटका दिला तेव्हा आवाज न अडखळता चढला आणि उतरताना मधेच तरंगत न राहता जागेवर आला. काही गाड्यांत याउपर नीडलवरची क्लिप एक खाच खाली घेऊन नीडल वर उचलावी लागते. येथे तशी गरज पडली नाही.

"किती वळणं झाली?" अण्णांनी विचारले.

"पावणेदोन."

खिशातल्या रोजमेळाच्या वहीत त्यांनी तारीख घालून तेवढे लिहून घेतले.

हे सारे काम उघड्या अंगणात चालले होते, हे मुद्दाम नमूद केले पाहिजे. शटर ओढलेल्या गाळ्यात किंवा गोदामात इंजिन चालू ठेवून जुळणी करणे जिवावर बेतू शकते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो.

संध्याकाळी अण्णा पुन्हा तपासणीला निघाले तेव्हा मुलगा म्हणाला, "प्रमाणपत्राची मुदत आहे की अजून. परत पैसे कशाला?"

"तो कागद दुसऱ्याच गाडीचा आहे," अण्णा म्हणाले.

मुलगा थोडा वेळ उभा राहिला आणि चप्पल घालून बरोबर निघाला. यंत्राचा आकडा मर्यादेच्या बराच खाली आला. तोच फिटर शेजारी बसला होता. त्याने ओळखून हात वर केला, अण्णांनीही केला. रागावण्याइतके स्वतःचे खाते स्वच्छ नव्हते, असे त्यांनी नंतर घरी सांगितले.

नातीला पुन्हा गाडीवर बसवायला सून आठवडाभर तयार नव्हती, आणि त्यात तिचे चुकले असे कोणी म्हणणार नाही. तो आठवडा अण्णा एकटेच त्या चौकातून रोज जात राहिले. सोमवारी नात मागे बसली. चौकात गाडी थांबली. समोरून उसाचा एक ट्रॅक्टर गेला, मग दुसरा. गाडी उभ्या जागी एका तालात चालत होती.

"आजोबा, जायचं?"

"अजून एक येतोय. जाऊ दे त्याला."

ती मागच्या ट्रॉलीच्या लाल पट्ट्या दिसेनाशा होईपर्यंत पाहत राहिली, मग त्यांच्या पाठीवर टिचकी मारली.