ओळखीतला माणूस

घराचं काम काढलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "कोणाला देताय?" आणि लगेच दुसरा, "ओळखीतला आहे ना?" दुसऱ्याचं उत्तर 'हो' आलं की चौकशी संपली. आता ओळखीतला म्हणजे काय, तर वहिनीच्या माहेरच्या आळीतला, किंवा समोरच्यांच्या बंगल्याला गेल्या दिवाळीत रंग दिला तो. एवढ्या भांडवलावर आपण चार-पाच लाखांचं काम आणि घराच्या किल्ल्या दोन्ही त्याच्या हातात देतो. शाळेत मात्र पोराची सात पिढ्यांची ओळख असली तरी दाखल्याशिवाय नाव घालत नव्हतो!

यंदा आमच्या साताऱ्याच्या घराचं काम काढलं. गच्चीचा कोबा जुना झालाय, पावसाळ्यात जिन्यात पातेली मांडावी लागतात. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, बाहेरून गिलावा आणि रंग, आणि जमलंच तर जुनी वायरिंग बदलणं, असा बेत होता. तीन दरपत्रकं आली. त्यातलं एक माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याचं. वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा, पण चित्रकलेची वही अशी की बघत राहावं. आता हाताखाली पाच-सहा माणसं आहेत. ओळखीतला म्हणाल तर याच्याहून ओळखीतला कोण?

मी त्याला म्हटलं, "अरे, तुझी कागदपत्रं दाखव."

तो हसला. "बाई, मला ओळखत नाही का तुम्ही?"

"तुला ओळखते. तुझ्या परांचीवर चढणाऱ्या पोरांना कुठे ओळखते?"

दुसऱ्या दिवशी तो फाइल घेऊन आला. आधार कार्ड, उद्यम नोंदणी, शॉप ॲक्टचा कागद. सगळं प्लॅस्टिकच्या पाकिटात, नीटनेटकं. आता मंडळी, हे कागद काय सांगतात ते जरा बघा. आधारवरून माणूस कोण ते कळतं, त्याला काय येतं ते नाही. उद्यम नोंदणी ऑनलाइन होते, फुकट होते आणि आपणच दिलेल्या माहितीवर होते. शॉप ॲक्टचं म्हणाल तर 2017 च्या कायद्याने मोजकीच माणसं असली की धंदा सुरू केल्याचं नुसतं कळवायचं असतं. हे कागद खोटे नाहीत, पण काम कसं होईल याबद्दल ते एक अक्षर बोलत नाहीत. तीनातल्या सर्वांत स्वस्त ठेकेदाराच्या कार्डावर तर 'गव्हर्नमेंट रजिस्टर्ड' असं सोनेरी अक्षरांत होतं. कशासाठी रजिस्टर्ड, असं विचारल्यावर त्याने विषय बदलला.

माझी भाची कॅलिफोर्नियात असते. तिथे ठेकेदाराच्या परवान्याचा नंबर सरकारी संकेतस्थळावर टाकला की परवाना चालू आहे की नाही ते दिसतं, कामगारांच्या विम्याची नोंदही दिसते. आपल्याकडे रंग, गिलावा, फरशी करणाऱ्याला कौशल्याचा असा परवानाच लागत नाही, मग बघणार काय?

पण काही गोष्टी बघता येतात. विजेचं काम हा त्यातला ठळक अपवाद. दिवा किंवा बटण बदलण्यापुरतं ठीक, पण नवी वायरिंग सरकारी परवाना असलेल्या विद्युत ठेकेदारानेच करायची, असा नियम आहे. काम करणाऱ्या वायरमनकडेही परवाना असावा लागतो. माझ्या विद्यार्थ्याकडे तो नव्हता आणि त्याने ते सरळ सांगितलं. "बाई, माझा पोरगा करतो तसं, पण लायसन नाही." मला बरं वाटलं. वायरिंगचं काम वेगळ्या माणसाला दिलं, त्याच्या परवान्याची मुदत बघून.

जीएसटीचंही तसंच. नंबर पंधरा अक्षरी असतो, महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की नाव येतं. नंबर नाही म्हणून माणूस लबाड ठरत नाही, वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर तो लागत नाही. मात्र नंबर नसताना बिलात 18 टक्के लावणारा माझ्या दारातूनच परत जातो.

बोलता बोलता तो म्हणाला, "बाई, स्वयंपाकघराची मधली भिंत काढून टाकू, कसं मोकळं होईल." मी नको म्हटलं. आमचं घर भिंतींवर उभं आहे, खांबांवर नाही. घाटकोपरची सिद्धी-साई इमारत 25 जुलै 2017 रोजी कोसळली, 17 माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. भिंत किंवा खांब म्हटलं की तिथे ठेकेदाराचा शब्द चालत नाही, तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरची लेखी सही लागते. असो, भिंत राहिली.

राहता राहिला विमा. हा शब्द काढला आणि त्याचा चेहरा उतरला. "बाई, एवढ्या वर्षांत एकाने पण मागितला नाही."

माझाही मुद्दा तोच होता. रंगारी दोन मजल्यांच्या उंचीवर बांबूवर उभा राहतो. तो पडला तर त्याच्या मालकाने, म्हणजे ठेकेदाराने, भरपाई द्यायची, असं कायदा 1923 पासून सांगत आला. आता ती तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत गेली आहे. जुन्या कायद्याचा हिशेब मी एकदा कागदावर मांडला होता. 2020 पासून त्यात महिन्याला पंधरा हजारांपर्यंतची मजुरी धरत. तीस वर्षांचा माणूस गेला तर तिच्या निम्म्याला 207.98 ने गुणायचं. पंधरा लाख साठ हजारांच्या आसपास होतात. एवढे पैसे पाच माणसं घेऊन काम करणारा माझा विद्यार्थी कुठून आणणार? हुकूम निघेल आणि बाईच्या हातात नुसता कागद राहील. घर दुरुस्त करणं हा काही माझा धंदा नाही, त्यामुळे या कायद्याचा हात एरवी माझ्यापर्यंत पोचत नाही. मी अंगणात खुर्ची टाकून चहा पीत बसू शकते. ते मला बसवेना.

चार दिवसांनी तो पॉलिसी घेऊन आला. मी चष्मा लावून, उत्तरपत्रिका तपासावी तशी तपासली. नाव दरपत्रकावरचंच होतं. तारीखही बरोबर. काम लिहिलं होतं 'इंटिरिअर पेंटिंग', आणि माणसं दोन! बाहेरून परांची बांधून रंग द्यायला येणार होती सहा.

"हे दुरुस्त करून आण."

"बाई, हप्ता वाढेल."

"वाढू दे. बिलात लाव."

त्याने लावला आणि मी दिला. स्वस्त दरपत्रक नेमकं कशामुळे स्वस्त असतं, ते तेव्हा उलगडलं. स्वस्तवाल्याच्या कागदावर रंगाची कंपनी होती, सिमेंटच्या पोत्यांची संख्या होती, माणसांचा हिशेब कुठेच नव्हता.

काम सुरू झाल्यावर दुपारच्या डब्याच्या वेळी मी त्या पोरांशी बोलत असे. दोघे बिहारचे, बाकीचे इकडचेच. विचारलं, "बँकेतून वर्षाला वीस रुपये कापले जातात का?" पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचे ते वीस रुपये. अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात. चौघांना माहीतच नव्हतं. एकाने मोबाइल काढून मेसेज शोधले, त्याचे कापले जात होते, पण कशाचे ते ठाऊक नव्हतं. बांधकाम कामगार मंडळाकडे नोंद तर एकाचीच. त्या नोंदणीला आधीच्या वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि तो द्यायला ठेकेदार टाळाटाळ करतात.

मी विद्यार्थ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "देतो बाई, देतो. लिहून ठेवतो."

"ठेवतो नाही. आत्ता लिही." आतून फुलस्केप आणि पेन आणून दिलं. अक्षर अजून तसंच आहे त्याचं, उजवीकडे झुकलेलं. पाच दाखले लिहायला त्याला पाऊण तास लागला, आणि तोवर पोरांनी गच्चीच्या कोब्यावर दुसऱ्यांदा पाणी मारून घेतलं.