डबक्यातल्या कार्बनचे वय

नवी दिल्लीत जुलै २०२४ मध्ये जागतिक वारसा समितीची बैठक झाली, तेव्हा आपल्याकडे गाजली ती आसाममधल्या मोइदम या दफनटेकड्यांची बातमी. त्याच बैठकीत स्कॉटलंडच्या उत्तर टोकाची एक दलदलही यादीत आली, पण तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. केथनेस आणि सदरलंड या परगण्यांत सुमारे ४,००० चौरस किलोमीटरवर पसरलेला हा ‘फ्लो कंट्री’ म्हणजे पीटचा प्रदेश. कोळशाची पहिली पायरी म्हणून आपण शाळेत पीट शिकतो आणि तिथेच सोडून देतो. पीट म्हणजे अर्धवट कुजून थांबलेली वनस्पती. थंड हवा, बारमाही पाऊस, आम्लधर्मी पाणी आणि पाण्याखाली प्राणवायूचा तुटवडा, हे सगळे एकत्र आले की स्फॅग्नम नावाचे शेवाळ वरून वाढत राहते आणि खालचे कुजायचे राहून जाते. फ्लो कंट्रीत हे सुमारे ९,००० वर्षे चालू आहे. जगाच्या जमिनीपैकी जेमतेम तीन टक्के भाग पीटखाली आहे, पण त्यात साठलेला कार्बन जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यात असलेल्या कार्बनपेक्षा जास्त भरतो. हवामानाच्या चर्चेत पीटला मान आहे तो या साठ्यामुळे. मात्र या प्रदेशाचे हवाई छायाचित्र पाहिले तर सलग हिरवळ दिसत नाही; दिसतात ती हजारो काळी डबकी. कार्बनच्या हिशेबात अडचण निर्माण होते ती या डबक्यांपाशी.

डबक्याच्या पाण्याचा रंग गडद चहासारखा असतो, कारण आजूबाजूच्या पीटमधून झिरपलेला सेंद्रिय कार्बन त्यात विरघळलेला असतो. या गडद, आम्लधर्मी, अन्नद्रव्यांच्या बाबतीत दरिद्री पाण्यात प्रकाशसंश्लेषण फार होत नाही. उलट बाहेरून आलेला कार्बन सूर्यप्रकाशाने तुटतो, जिवाणू तो खातात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. पाण्यात हा वायू इतका साचतो की तो हवेत निसटतच राहतो. तळाच्या गाळात प्राणवायू नसतो. तिथे मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव काम करतात. कोकणातल्या पाणी भरलेल्या भातखाचराच्या चिखलात जे घडते, तेच इथेही घडते. डबके खोल असेल तर वर येता येता बराचसा मिथेन वाटेतच दुसरे जिवाणू खाऊन टाकतात. उथळ असेल तर तेवढी सवड मिळत नाही. गाळातून बुडबुडे सुटतात आणि थेट हवेत जातात. शिवाय डबके जितके लहान तितका त्याच्या क्षेत्रफळाच्या मानाने काठ जास्त, म्हणून बाहेरून येणारा कार्बनही जास्त. मेरेडिथ होल्गरसन आणि पीटर रेमंड यांनी २०१६ मध्ये जगभरच्या तळ्या-तलावांची आकडेवारी एकत्र केली. एक हजार चौरस मीटरहून लहान पाणसाठे एकूण क्षेत्राच्या केवळ ८.६ टक्के आहेत, पण तळ्या-तलावांच्या पृष्ठभागातून झिरपून जाणाऱ्या मिथेनपैकी ४०.६ टक्के मिथेन तेच सोडतात, असे त्यांना आढळले.

हा आकडा पाहून पीटमधली डबकी म्हणजे साठ्याला पडलेली भोके, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. आमच्या क्षेत्रातही तो बराच काळ होता. एकट्या डबक्याचे मोजमाप केले की ते नेहमी तोट्यातच दिसते, आणि हे मोजमाप चुकीचेही नसते. पण किती वायू बाहेर पडतो हा प्रश्न माझ्या मते दुसऱ्या क्रमांकाचा आहे. आधी विचारायला हवे की बाहेर पडणारा कार्बन किती वर्षांचा आहे. गेल्या वर्षी शेवाळाने हवेतून घेतलेला कार्बन यंदा डबक्यातून हवेत परतला, तर दलदल व्याजातून खर्च करते आहे. पाच हजार वर्षांपूर्वी गाडला गेलेला कार्बन बाहेर येत असेल तर मुद्दल संपत चालले आहे. हवेत पोहोचलेला वायू दोन्ही वेळी सारखाच दिसतो, पण दलदलीच्या भवितव्याबद्दल तो दोन परस्परविरुद्ध गोष्टी सांगतो.

सुदैवाने कार्बनला वय विचारता येते. किरणोत्सारी कार्बन-१४ चे अर्धायुष्य ५,७३० वर्षे आहे, त्यामुळे जुना कार्बन ओळखू येतो. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेतले कार्बन-१४ एकदम वाढवले. त्या दुष्कृत्याची एक उपयोगी खूण मागे राहिली आहे: ती ज्या कार्बनमध्ये सापडते तो अगदी अलीकडचा. जोशुआ डीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या सहा ठिकाणच्या डबक्यांतून घेतलेल्या ९७ नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात नैसर्गिक डबकी होती आणि माणसाने चर अडवल्यामुळे तयार झालेलीही. पाण्यात विरघळलेला, तरंगणारा आणि कार्बन डायऑक्साइडच्या रूपातला, असा सगळा कार्बन तपासल्यावर त्यातला साधारण ५० ते ७५ टक्के भाग ३०० वर्षांपेक्षा तरुण निघाला. डबक्याच्या भोवतीचे पीट हजारो वर्षांचे, आणि पाण्यातला कार्बन मात्र बहुतांशी अलीकडचा. म्हणजे डबके जुन्या साठ्याला भोक पाडत नाही. दलदलीच्या वरच्या, जिवंत थरातून जो कार्बन फिरत असतो त्याच्याच परतीची ती एक वाट आहे.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो बिनतोड आहे असे प्रथमदर्शनी वाटते. मिथेनचा रेणू तरुण असो वा म्हातारा, उष्णता तो तेवढीच अडवतो. शंभर वर्षांच्या मुदतीत वजनास वजन धरले तर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट प्रभावी ठरतो, वीस वर्षांच्या मुदतीत सुमारे ८० पट. कार्बन डायऑक्साइड म्हणून आत गेलेला ताजा कार्बन मिथेन होऊन बाहेर आला तर तापमानवाढ होणारच. वयाचा दाखला देऊन त्यातून सुटका होत नाही. हे मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच वयाच्या प्रश्नाला काळाचा दुसरा प्रश्न जोडावा लागतो. मिथेन हवेत सुमारे बारा वर्षे टिकतो. हजारो वर्षे एकाच गतीने मिथेन सोडणाऱ्या नैसर्गिक डबक्याने हवेतल्या मिथेनमध्ये जी भर घालायची ती केव्हाच घातली. आता जितका मिथेन येतो तितकाच जुना नष्ट होतो, आणि नवी तापमानवाढ होत नाही. कार्बन डायऑक्साइडचे तसे नाही. तो साचत जातो. त्यामुळे कोरड्या पडलेल्या पीटमधून दरसाल निघणारा कार्बन डायऑक्साइड आधीच्यात भरच घालतो, आणि हे जोवर पीट शिल्लक आहे तोवर चालते.

खरी कसोटी लागते ती माणसाने केलेल्या डबक्यांपाशी, कारण तिथे मिथेनचा स्रोत नवा असतो. फ्लो कंट्रीचा मोठा भाग १९८० च्या दशकात नांगरला गेला, चर खणले गेले आणि सिट्का स्प्रूस व लॉजपोल पाइनची झाडे लावली गेली. झाडे तिथे नीट वाढत नव्हती, पण करसवलतीमुळे गुंतवणूकदारांना ती परवडत होती. १९८८ च्या अर्थसंकल्पात ब्रिटनचे अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी ती सवलत काढली आणि लागवड थांबली. (झाडे लावणे नेहमीच पुण्याचे, असे मानणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावे.) पुढे झाडे काढून, चरांवर बांध घालून पाणी अडवायचे काम सुरू झाले. आपल्याकडच्या नालाबांधासारखाच खटाटोप, पण तिथे हेतू पाणी जमिनीत मुरवण्याचा नसून पीट भिजते ठेवण्याचा. प्रत्येक बांधामागे एक डबके तयार होते. मग प्रश्न येतो: कार्बन डायऑक्साइड वाचवण्यासाठी आपण मिथेनचे कारखाने तर उभे करत नाही ना?

उत्तर देताना आधी तुलना कशाशी करायची ते ठरवले पाहिजे. बांध नसता तर तिथे निर्मळ कोरडी जमीन नसती, वाहता चर असता; आणि चरसुद्धा मिथेन सोडतो. आंतरशासकीय हवामान बदल मंडळाने २०१३ मध्ये पाणथळींसाठी जी पुरवणी मार्गदर्शिका काढली, तिच्यात चरांच्या मिथेनसाठी वेगळे गुणांक द्यावे लागले ते यामुळेच. त्यात चराच्या दोन्ही बाजूंना कोरड्या पडलेल्या पीटचे कुजणे मिळवा. ख्रिस इव्हान्स आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवले की खोल गेलेली पाण्याची पातळी दर १० सेंटिमीटर वर आणली की हेक्टरी वर्षाला किमान ३ टन कार्बन डायऑक्साइडइतका निव्वळ परिणाम वाचतो. ही गती पातळी जमिनीखाली ३० सेंटिमीटरवर येईपर्यंत राहते. त्यापुढेही फायदा असतो, पण साधारण १० सेंटिमीटरच्या वर मिथेन तो खाऊ लागतो. म्हणजे पीट ओले असावे, बुडालेले नसावे. पुनर्स्थापनेच्या कामात डबके हे उद्दिष्ट नव्हे, बांधामागे अपरिहार्यपणे उरणारे जास्तीचे पाणी आहे. आन्के ग्युंथर यांच्या गटाने २०२० मध्ये केलेल्या गणितात मिथेनचा हा फटका धरूनही, पीट लवकर भिजवणे हे उशिरा भिजवण्यापेक्षा किंवा कोरडे ठेवण्यापेक्षा चांगले ठरते. पण ‘एकूणात फायदा आहे’ एवढ्यावर थांबणे मला आळसाचे वाटते. खोल चरात एकच उंच बांध घालून लांबलचक पाणी साठवण्याऐवजी जवळजवळ छोटे बांध घातले, चराच्या कडा उतरत्या करून तो पीटनेच भरला, तर उघडे पाणी कमी राहते आणि त्यावर स्फॅग्नमची साय लवकर धरते. त्याउलट कापूसगवत आधी शिरले तर त्याच्या पोकळ देठांतून मिथेनला गाळापासून हवेपर्यंत सरळ वाट मिळते. बांध कसा घालायचा हा निर्णय अभियंत्याचा वाटतो, पण डबक्याचा हिशेब त्यावरच ठरतो.

एक जागा मात्र अशी आहे जिथे माझा वयाचा युक्तिवाद लंगडा पडतो, आणि ती बुडबुड्यांची. डीन यांच्याच अभ्यासात दिसले की बुडबुड्यांतून येणाऱ्या मिथेनमध्ये हजारो वर्षांचा कार्बन असू शकतो. पाण्यात विरघळलेला कार्बन वरच्या थरातला. बुडबुडा मात्र खोलवरच्या गाळातून येतो. शिवाय तो मोजायला अवघड. हवेचा दाब उतरला की तासाभरात बरेच बुडबुडे सुटतात आणि मग कित्येक दिवस काहीच नाही. उन्हाळ्यातल्या काही भेटींत घेतलेल्या मोजमापांतून हे निसटून जाते. आज ब्रिटनमध्ये पीटच्या पुनर्स्थापनेवर कार्बन क्रेडिट विकली जातात, आणि ती जमिनीच्या स्थितीच्या ढोबळ वर्गवारीवर ठरतात. ज्या प्रकल्पात हजारो नवी डबकी तयार होतात, त्याने निदान काही निवडक डबक्यांवर बारा महिने बुडबुड्यांचे सापळे ठेवावेत, त्यातल्या वायूचे कार्बन-१४ तपासावे आणि त्याचा खर्च क्रेडिटच्या किमतीतच धरावा.