परतीचे ओझे

कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो बंदरात ‘मिडवे’ ही जुनी विमानवाहू नौका धक्क्याला बांधून ठेवली आहे. १९४५ साली आरमारात आलेली ही नौका १९९२ साली निवृत्त झाली. २००४ पासून ती संग्रहालय आहे. भाचीच्या आग्रहावरून मी ती पाहायला गेलो. मराठीच्या प्राध्यापकाला लढाऊ विमानांतले काय कळणार, असे तुम्ही म्हणाल. पण तिथे निवृत्त नौसैनिक हौसेने माहिती सांगतात, आणि सांगणारा रंगला की ऐकणाराही रंगतो.

वरच्या डेकवर एफ-१४ टॉमकॅट विमान उभे आहे. (अमेरिकन आरमाराने ते २००६ साली निवृत्त केले.) त्याला फीनिक्स नावाची सहा क्षेपणास्त्रे लावता येत. एकेकाचे वजन सुमारे ४५० किलो! १९७३ साली एकाच उड्डाणात सहाही सोडून दाखवली होती. मग नौकेवरून नेहमी सहा का नेत नसत?

गोम उतरण्यात आहे. उडताना वाफेच्या कॅटापुल्टचा झटका मिळतो; ३३ टनांचे धूडही आकाशात फेकले जाते. उतरताना मात्र शेपटीखालच्या आकड्याने डेकवरचा पोलादी दोर पकडायचा आणि शंभरेक मीटरांत थांबायचे. वजन जास्त तर वेगही जास्त, आणि तो सारा हिसका दोर, आकडा आणि चाकांच्या दांड्यांनी सोसायचा. म्हणून मर्यादा साडेचोवीस टनांच्या आसपास. त्यात रिकामे विमानच १९ टनांच्या घरातले!

सहा क्षेपणास्त्रे परत आणायची तर तेल फार थोडे उरते. आणि रात्रीच्या काळोखात, डुलत्या डेकवर आकडा चुकला तर? म्हणून तर चाके टेकताच वैमानिक इंजिने पूर्ण जोरात सोडतो. दोर सापडला नाही, तर तसेच उडून पुन्हा फेरी मारायची. त्या फेरीपुरते तेल हवेच. आत दोन जीव बसलेले असतात. शत्रू भेटलाच नाही, तर काही लाख डॉलरांचे एकेक क्षेपणास्त्र समुद्राला अर्पण करायचे! त्यापेक्षा मुळातच कमी न्यावीत, असा व्यवहार पडला. प्रवासाला निघताना ट्रंका भरणाऱ्या आमच्या मंडळींना हा हिशेब कोणी तरी समजावायला हवा.

डेकखालचा माणूस येणाऱ्या प्रत्येक विमानाच्या वजनाप्रमाणे दोराचा रोध लावून ठेवी, असे त्या वृद्ध गृहस्थांनी सांगितले.

“आणि वजन चुकीचे कळले तर?” भाचीने विचारले.

ते काही बोलले नाहीत. त्यांनी डेकच्या टोकापलीकडच्या पाण्याकडे बोट दाखवले.