चाळकेवाडीच्या सड्यावर

सज्जनगडाचे दर्शन घेऊन, ठोसेघरचा धबधबा मागे टाकून पुढे निघाले, की रस्ता चाळकेवाडीच्या विस्तीर्ण सड्यावर येतो. बडोद्याहून साताऱ्याला गेलेल्या आम्हा मंडळींना पवनचक्की काही नवी नव्हे. गुजरातेत ओख्याच्या किनाऱ्यावर ती १९८६ सालीच उभी राहिली. परंतु जांभ्या दगडाच्या या पठारावरील रांगा पाहताना आमच्या मनात निराळाच प्रश्न आला : ही यंत्रे थकल्यावर जाणार कोठे?

पवनचक्कीचे आयुष्य साधारणतः वीस ते पंचवीस वर्षांचे. मनोऱ्याचे पोलाद आणि जनित्रातील तांबे भंगाराच्या बाजारात सहज खपते. मागे राहते ते पाते. काचतंतू आणि राळ यांचे ते बनलेले. एकदा घट्ट झालेली ही राळ पुन्हा वितळत नाही, आणि मातीत पाते कुजतही नाही. अमेरिकेत वायोमिंग राज्यातील कॅस्पर येथे २०१९ पासून अशी शेकडो पाती तुकडे करून पुरण्यात आली. तेथे माळरान अफाट आहे. येथे मात्र वीतभर मातीखाली कातळ, आणि त्या वीतभर मातीवरच पावसाळ्यात रानफुले डोलतात! पुरणार तरी कोठे?

उपाय नाहीत असे नव्हे. पात्यांचा चुरा सिमेंटच्या भट्टीत वापरता येतो. आयर्लंडमधील कॉर्क परगण्यात २०२२ मध्ये जुन्या पात्यांचा पादचारी पूल उभारला गेला. आपल्याकडे २०२३ च्या केंद्रीय धोरणाने जुन्या व दोन मेगावॅटहून लहान यंत्रांच्या जागी नवी बसविण्याची वाट मोकळी केली आहे. म्हणजे जुनी उतरविण्याचे काम आता वाढतच जाणार.

वाचकहो, आपल्यापैकी कितीतरी जणांची नावे गावाकडील सातबाऱ्यावर अद्याप आहेत. उद्या पवनचक्कीसाठी जमीन देण्याचा करारनामा सहीसाठी आपल्या घरी आला, तर भाड्याच्या आकड्यावरच नजर थांबू नये. यंत्र उतरविणार कोण, पाती नेणार कोठे, काँक्रीटचा पाया उखडण्याच्या खर्चाची अनामत आधीच ठेवली आहे काय, हे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे. सही आपली असेल. पण पडून राहिलेली पाती रोज पाहावी लागतील, ती गावी राहणाऱ्या आपल्या भाऊबंदांना.