तारेचा पीळ

चाक परत आलं ते पंढरपूरच्या रस्त्यावरून, टेम्पोत पडून. आमच्या नाशिकच्या कॉलेज रोडचा मुलगा. खड्ड्यात बसलेली मागची रिंग काढून मी त्याला नव्या रिंगमध्ये सगळ्या तारा नव्यानं भरून दिल्या होत्या, आणि त्या भरवशावर तो सायकलवाल्यांच्या वारीला गेला होता. सिन्नर ओलांडेपर्यंत चाक सरळ होतं म्हणे. नगरच्या पुढं ब्रेकला घासायला लागलं, आणि करमाळ्याच्या अलीकडं उजवीकडच्या दोन तारा गेल्या. दोन्ही हबच्या भोकातून जिथं वळतात तिथंच. मुलगा रागावला नाही. "काका, जरा बघता का?" एवढंच म्हणाला. चार शब्द बोलला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी रस्त्याला शिव्या घातल्या. कॅरिअरवरच्या ओझ्याला घातल्या. तारेच्या मालात आता दम राहिला नाही, हेही सुनावलं. रात्री शटर अर्धं ओढून चाक चिमट्यात घातलं, एक बोट रिंगेशी धरून फिरवलं, आणि पहिल्याच फेऱ्यात कळलं की दोष माझाच. तुटलेल्या तारांच्या शेजारच्या चार तारा ढिल्या होत्या. मी ढिल्या सोडल्या नव्हत्या. त्या ढिल्या *झाल्या* होत्या, म्हणजे त्यांच्यात पीळ राहिला होता.

गिऱ्हाइकाला वाटतं, तार जास्त आवळली म्हणून तुटते. तुटते ती सैल तार. चाक फिरताना जी तार खाली येते तिचा ताण क्षणभर उतरतो, वर गेली की पुन्हा चढतो. जॉब्स्ट ब्रांट नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं १९८१ साली नुसत्या चाकावर आख्खं पुस्तक लिहिलं, त्यात हे सगळं मांडलंय असं मला एका इंजिनिअर गिऱ्हाइकानं सांगितलं. चाक वरच्या तारांना लटकत नाही, खालच्या तारांवर उभं राहतं, असं त्याचं म्हणणं. मला पटायला दोन वर्षं लागली. पण ताणाची ही चढउतार मला आधीपासून ठाऊक होती. बांधायची तार वाकवून, उलटी वाकवून तोडतात तसंच ते. एका किलोमीटरला साडेचारशेच्या वर फेरे. पंढरपूर साडेतीनशे किलोमीटर धरा आणि हिशेब करा. घट्ट तारेला हे सगळं सोसतं. सैल तार प्रत्येक फेऱ्याला थोडी थोडी मरते.

आता पीळ. हा विषय मी घरात काढला की बायको उठून आत जाते. रिंगेत तारेचं टोक धरणाऱ्या निप्पलला चावी लावून फिरवलं की तार ओढली जाते, ते ठीक. पण निप्पल आट्यांमध्ये थोडं धरतं, आणि तार स्वतःच त्याच्याबरोबर वळते. तुम्हाला वाटतं पाव फेरा आवळला, खरा आवळला गेला असतो त्याच्या निम्मा. उरलेला तारेत पीळ होऊन बसतो. चिमट्यात चाक सरळ दिसतं. आऊट शून्य. गिऱ्हाईक खूश, तुम्ही खूश. मग ते चाक रस्त्याला लागतं, खाली आलेली तार क्षणभर मोकळी होते आणि तेवढ्यात पीळ सोडवून घेते. टिंग. पुढची टिंग. चार किलोमीटरमध्ये तुमचं सरळ चाक तुमचं राहत नाही. आख्खा एक फेरा म्हणजे तार अर्धा मिलिमीटरसुद्धा ओढली जात नाही. त्यातला पाव, त्यातला निम्मा, एवढ्याशा जागेत सगळी कारागिरी.

भद्रकालीत ज्या उस्तादांकडे मी शिकलो ते तयार चाक ओट्यावर आडवं टाकायचे आणि दोन्ही हातांनी रिंग दाबायचे. मग उलटं करून पुन्हा. चाक बोललं तर त्या दिवसाची मजुरी नाही. "बोलता है," एवढं म्हणून चाक माझ्याकडे सरकवायचे. सातपूरला मायको आणि महिंद्रामध्ये पाळ्या सुरू असायच्या त्या काळातली ही गोष्ट. पाळी सुटली की त्र्यंबक रोडवर काळ्या सायकलींचा लोंढा, आणि त्यातली दहा-बारा चाकं दुसऱ्या दिवशी आमच्या ओट्यावर. मागं चाळीस तारा, पुढं बत्तीस, जाड तार, जाड रिंग. त्या तारा इतक्या जाड की पीळ फारसा घेतच नसत, तरी उस्ताद सोडत नसत. मजुरी तीन वेळा बुडाल्यावर माझा डावा अंगठा शहाणा झाला. उजव्या हातानं चावी फिरवायची आणि डाव्या हाताच्या चिमटीत तीच तार धरायची. ती किती वळली ते चिमटीला कळतं. तेवढं पुढं जायचं, तेवढंच मागं यायचं. कोणी विचारलं, "मिस्त्री, मागं का फिरवता?" तर मी उत्तर देत नसे. सांगता येत नसे हे खरं, पण न सांगण्यात मजाही होती.

ती चिमटी गेली. साखर बारा वर्षांची. आधी तळपाय, मग बोटांची टोकं. कप गरम आहे हे कळतं, पण तार वळली हे कळत नाही. डॉक्टरांनी टाचणी टोचून विचारलं, "लागतंय का?" मी "हो" म्हणालो. लागत नव्हतं.

गंगापूर रोडला एक दुकान झालंय. काचेचं दार, आत एसी, तारेचा ताण मोजायचं मीटर. त्या दुकानाबद्दल मी गेली पाच वर्षं जे बोलत आलो ते इथं लिहिण्यासारखं नाही. मीटर ताण सांगतं, पीळ सांगत नाही, हे मात्र बरोबर बोललो. दोन तारा तुटल्या तर ते आख्खं चाक बदलायला लावतात, हेही खरं. पण माझ्याकडे छताला लुधियानाची तयार चाकं टांगलेली असतात आणि पोरांच्या सायकलींना मीही तीच लावतो, कारण फ्रीव्हील उतरवून उजवीकडची तार भरायला जो वेळ लागतो त्याचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. ३ जून २०२०ला, जागतिक सायकल दिनालाच, ॲटलसनं साहिबाबादचा कारखाना बंद केल्याची नोटीस लावली, तेव्हा मी दिवसभर गळा काढत होतो. त्या वर्षात मी स्वतः किती ॲटलस दुरुस्त केल्या होत्या? दोन.

एक कबुली राहिली आहे. २०१५ साली नाशिकचे डॉक्टर महाजन बंधू, हितेंद्र आणि महेंद्र, अमेरिका सायकलनं आरपार ओलांडायची रॅम शर्यत पुरी करून आले. ओशनसाइड ते अ‍ॅनापोलिस, सुमारे ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. दोन वर्षांनी लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथांनी तीच शर्यत एकट्यानं पुरी केली. तेव्हापासून नाशकात सायकल ही श्रीमंतांच्या घरची वस्तू झाली आणि माझ्याकडं पातळ रिंगांच्या, हलक्या गाड्या यायला लागल्या. गिऱ्हाइकांना मी सांगत सुटलो, डॉक्टरांचं चाक आपल्या हातचं. त्यांच्या सायकलीला माझा हात आयुष्यात लागलेला नाही. एकदा हे सांगत असताना समोरचा गृहस्थ नुसता हसला. तो त्यांना ओळखत असावा. त्याच्या चाकाचा आऊट मी फुकट काढून दिला.

त्या पातळ गाड्यांपैकीच एकीला चपट्या तारा होत्या. चपट्या तारेचं चाक मी तोवर हाती घेतलं नव्हतं. चावी फिरवली आणि तारेचं पातं डोळ्यांसमोर तिरकं झालं. जिलबीसारखं नव्हे, अगदी थोडं, पण दिसेल इतकं. आयुष्यभर जे चिमटीनं ओळखलं ते पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. आधी मजा वाटली. मग लक्षात आलं की माझी चिमटी त्या तारेवरच होती आणि तिनं मला काहीच सांगितलं नव्हतं.

नात अकरावीला आहे. कॉलेज सुटलं की दुकानात येऊन बसते, मोबाइल बघते असं मला वाटायचं. वारीवाल्या मुलाचं चाक मी तिसऱ्यांदा मोकळं करून भरत होतो तेव्हा म्हणाली, "आबा, तुम्ही मागं फिरवताय ते अंदाजानं ना?" मी काही बोललो नाही. तिनं पुस्तकांना लावायची चिकटपट्टी आणली, बोटभर तुकडा तारेवर दुमडून चिकटवला. छोटा झेंडा. "आता फिरवा." फिरवली. झेंडा तारेबरोबर वळला. "आता तो होता तिथं येईपर्यंत मागं." आला. दोन बोटांनी निप्पलला तेलाचा थेंब देऊन पुन्हा केलं, झेंडा आधीपेक्षा कमी वळला. पीळ मोजायचं यंत्र, दहा रुपयांच्या पट्टीचं. एका बाजूच्या सगळ्या तारांना तिनं झेंडे लावले, आणि चाक दिंडीसारखं दिसायला लागलं. मी तिला सगळे काढायला लावले. दुकानात लोक येतात.

बायकोला कळलं तेव्हा ती म्हणाली, "बोटं गेली, पीळ तेवढा राहिला."

आता शटर ओढल्यावर झेंडे लावतो. ओट्यावर चाक आडवं टाकून दाबतो. दाबायला बोटांची गरज नाही, अंगाचं वजन पुरतं. बहुतेक वेळा बोलत नाही. सकाळी गिऱ्हाईक यायच्या आत नात झेंडे उपटते, गोंद राहिला तर रॉकेलनं पुसते. वारीवाल्या मुलाचं चाक असंच दिलं. पुढच्या आठवड्यात तो हवा भरायला आला, वाकून मागच्या चाकात बघितलं आणि विचारलं, "काका, हे कागदाचं काय चिकटलंय तारेला?"

एक राहून गेला होता. "खूण आहे," मी म्हणालो. "त्या तारेवर लक्ष ठेवायचंय मला." आणि हवेची नळी त्याच्या हातात दिली.