कागदाचे दोन बोळे

अब्बांच्या कपाटात खालच्या फळीवर, रेशनकार्ड आणि गिरणीच्या जुन्या कागदांच्या पिशवीशेजारी, एक कॅसेट आहे. टेपरेकॉर्डर आमच्या घरातून जाऊन बारा-तेरा वर्षं झाली. भंगारवाल्याला देताना अब्बांनी सगळ्या कॅसेटी दिल्या, ही एक तेवढी काढून ठेवली. का ठेवली, हे विचारायला मला तोंड नाही. ती कॅसेट मीच बिघडवलेली आहे.

अब्बा आधी गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर शास्त्री नगरकडच्या एका शेडमध्ये जेकार्डच्या मागावर चादरी विणायला लागले. दिवसभर मागाचा खडखडाट, त्यात शेजारी उभ्या असलेल्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही. म्हणून घरी आल्यावर अब्बांना मोठा आवाज नको असायचा. फक्त जुमेरातीच्या रात्री, इशाची नमाज झाल्यावर, ते टेप लावायचे. शंकर-शंभू, साबरी ब्रदर्स, आणि सगळ्यात जास्त नुसरत फतेह अली खान. कॅसेटच्या कव्हरवर नावापुढे 'अँड पार्टी' असं लिहिलेलं असायचं. दोन पेट्या, एक तबला आणि मागे टाळ्या देत गाणारी माणसं. पेटीवर धाकटे भाऊ फर्रुख, तबल्यावर दिलदार हुसेन. अम्मी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली. टाळीची लय चढली की अम्मीचे हातही भराभर चालायचे. तिला ते कळत नसे, आम्हा पोरांना दिसायचं आणि आम्ही हसायचो.

गुलबर्ग्याला ख्वाजा बंदानवाजांच्या उरसाला आम्ही रेल्वेनं जायचो. तिथंही कव्वाली व्हायची, पण ती अब्बा आणि भाईजान समोर बसून ऐकणार. आम्ही बायापोरी लांब, जाळीच्या अलीकडे. टाळ्या आणि तबला पोचायचा, शब्द यायचे नाहीत. शब्द मला ऐकवले ते कॅसेटनं. म्हणून 'यंत्रामुळे कव्वालीची रया गेली' असं कोणी म्हणालं की मी गप्प बसते, पण मान डोलावत नाही.

बिघडवली ती कॅसेट अब्बांच्या गिरणीतल्या एका दोस्तानं दुबईहून आणलेली होती. कुठल्याशा खासगी मैफलीची नक्कल, त्यावर कंपनीचं नावही नव्हतं. एका बाजूला एकच कव्वाली, बाजू संपेपर्यंत. चुकून कोणी त्यावर दुसरं काही भरू नये म्हणून अब्बांनी वरच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे तोडून टाकले होते. ज्यांनी कॅसेटी हाताळल्या आहेत त्यांना हे माहीत असेल. ते तुकडे तोडले की रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही.

आमच्या घरात भांडण आणलं ते मामूंनी. मामू रिक्षा चालवायचे आणि रिक्षात सतत गाणी वाजत. त्यांचे लाडके कव्वाल मुंबईचे अज़ीज़ नाज़ाँ. १९७४ च्या 'फाइव्ह रायफल्स' या सिनेमातली 'झूम बराबर झूम शराबी' ही कव्वाली लिहिणाऱ्याचं नाव नाज़ा शोलापुरी आहे, हे मामू प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगत. त्यांच्या मते शोलापूरनं जगाला दोन गोष्टी दिल्या, चादर आणि ही कव्वाली. अब्बा म्हणायचे, दुसरीचा हिशोब कयामतला द्यावा लागेल.

तर एके दिवशी मामू विजापूर वेशीतल्या दुकानातून 'मस्त मस्त' घेऊन आले. ही कॅसेट निघाली होती १९९० साली. पीटर गॅब्रिएल या इंग्रज गायकाच्या रिअल वर्ल्ड कंपनीनं ती काढली आणि मायकेल ब्रुक यांनी तिचं संगीत जमवलं. गिटार, बास, ड्रम. अर्ध्या तासाची कव्वाली नाही, पाच-पाच मिनिटांचे तुकडे. काहींत तर शब्दच नाहीत, नुसते आलाप आणि सरगम. शेवटी ब्रिस्टलच्या मॅसिव्ह अटॅक या मंडळींनी नव्यानं बांधलेलं रूप. आमच्या गल्लीत हे सगळं पोचायला सात-आठ वर्षं लागली. तोवर १९९४ च्या 'मोहरा'मुळे 'मस्त मस्त' हे शब्द वरातीच्या बँडवाल्यांनाही पाठ झाले होते. मूळ 'दम मस्त कलंदर' कुणाचं, हे बँडवाल्यांना विचारायचं कारणच नव्हतं.

मामूंनी कॅसेट लावली. अब्बा एक बाजू पूर्ण ऐकून म्हणाले, "ये कव्वाली है की बँडबाजा?"

मामू म्हणाले, "भाई, जमाना बदल्या. उस्ताद को मालूम नै, तुमकू मालूम है क्या?"

हा वाद मग ओट्यावर गेला. गल्लीत चार घरं अब्बांच्या बाजूनं, कॉलेजला जाणारी सगळी पोरं मामूंच्या बाजूनं. आमच्या शिंप्याचं म्हणणं असं की उस्तादांना पोट आहे, पार्टीत दहा माणसं आहेत, गोरे पैसे देतात तर गायचं नाही का? एक बुजुर्ग मशिदीतून येता-जाता ऐकत. ते म्हणाले, दोन्ही गाणंच आहे, दोन्ही नाजायज, मग भांडता कशाला? या एका वाक्यानं मात्र दोन्ही पक्ष एक झाले.

१९९६ साली 'संगम' आला. जावेद अख्तर यांचे शब्द, नुसरत यांचा आवाज आणि 'आफरीन आफरीन'. टीव्हीवर लिसा रे वाळूतून चालत यायची आणि अब्बा उठून टीव्ही बंद करायचे. त्यांना राग बाईचा होता की सुराचा, हे त्या वयात मला कळलं नव्हतं. आज मी नववीला उर्दू शिकवते. 'तश्बीह' शिकवताना मला त्या गाण्याइतकं सोयीचं उदाहरण दुसरं सापडत नाही. मुलींना ते पाठ असतं, पण २०१६ च्या कोक स्टुडिओतलं, राहत फतेह अली खान आणि मोमिना मुस्तेहसन यांचं. मागे एकदा त्यांना जुनं ऐकवलं. निम्म्या म्हणाल्या, "मिस, हे जास्त चांगलं आहे." निम्म्या म्हणाल्या, "मिस, वो कब शुरू होगा?" म्हणजे ज्या गाण्यासाठी अब्बांनी टीव्ही बंद केला, तेच आता जुनं आणि लांबट ठरलं.

१५ ऑगस्ट १९९७ ला स्वातंत्र्याची पन्नास वर्षं साजरी झाली. शाळेत लाडू वाटले होते. दुसऱ्या दिवशी लंडनमध्ये नुसरत गेले. वय अठ्ठेचाळीस. अब्बांनी रेडिओवर ऐकलं आणि अम्मीला एवढंच म्हणाले, "आता जे आहे तेवढंच."

त्यानंतर वर्षभरानं मी ते केलं. मी बारा वर्षांची होते. मामूंच्या मुलाकडे दोन कॅसेटींचा डेक होता आणि 'मस्त मस्त' मला वेड्यासारखं आवडत होतं. त्यात कळण्यासारखे शब्द थोडे, म्हणून चुकण्याची भीती नाही. भांडी घासताना ते गुणगुणता यायचं. जाळीच्या पलीकडचं नसलेलं असं माझं पहिलं गाणं ते. कोऱ्या कॅसेटीला पैसे नव्हते. घरातली एक उचलली. तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून ती बिनमहत्त्वाची वाटली, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. पण वरची दोन भोकं मला दिसली होती. ती का आहेत हेही माहीत होतं. वहीचा कागद फाडला, दोन बोळे केले, भोकांत दाबून बसवले आणि रेकॉर्डचं बटण दाबलं.

पुढच्याच जुमेरातीला अब्बांनी ती लावली. डेक सुरू करायला मला उशीर झाला होता, म्हणून सुरुवातीचा थोडा भाग शाबूत होता. पेटी, मग आलाप, मग पहिली ओळ. उस्तादांनी ती ओळ पुन्हा उचलली आणि तिच्या मध्यावर एकदम ड्रम आले. अम्मीचे हात थांबले. अब्बांनी टेप बंद केला, कॅसेट बाहेर काढली, उजेडात धरून पाहिली. मग नखानं दोन्ही बोळे काढले, खिडकीत ठेवले आणि कॅसेट डबीत घातली. रागावले नाहीत, विचारलंही नाही. ते बोळे दोन दिवस खिडकीत तसेच पडून होते. काढायची हिंमत मला झाली नाही. शेवटी अम्मीनं झाडताना काढले.

बी.एड. करताना मी या विषयावर वाचायला लागले तेव्हा प्रथम मामूंचा पक्ष घेतला. पुरावेही होते. अब्बा ज्या पेटीला जुनं वाद्य मानतात ती एकोणिसाव्या शतकात युरोपातून आली. आकाशवाणीनं १९४० मध्ये तिला परकी म्हणून बंद केलं आणि ती बंदी तीस वर्षं टिकली. त्याच्याही मागे जायचं तर हजरत निजामुद्दीन औलिया यांना समामध्ये वाद्यंच पसंत नव्हती. मग गिटारनं काय घोडं मारलं? मी हे अब्बांना ऐकवलं. आवाजात नव्या पदवीचा तोरा असणारच. अब्बा शांतपणे म्हणाले, "बाजे का कुछ नै. बात काट दिये उनू. आदमी बोल रा था."

हे मला तेव्हा नीट उमगलं नाही. कव्वालीत एखाद्या ओळीवर कुणाला हाल आला तर कव्वाल तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणतो, तो माणूस भानावर येईपर्यंत सोडत नाही. मध्येच दुसरा शेर आणून गिरह लावतो आणि परत त्याच ओळीवर येतो. ओळ ऐकणाऱ्याच्या हाती सोपवल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा त्यातला करार आहे. पुढे मी ब्रुक यांचं सांगणं वाचलं. 'मस्त मस्त' जुळवताना त्यांनी सुराच्या सोयीनं तुकडे कापून जोडले. भाषा कळत नसल्यामुळे काही ठिकाणी वाक्य अर्ध्यातच तुटलं आणि ते नुसरत यांना पटलं नव्हतं. गिटारबद्दल त्यांची तक्रार नव्हती. पुढे १९९६ मध्ये याच ब्रुक यांच्याबरोबर त्यांनी 'नाइट साँग' केलं. तक्रार होती ती कात्रीबद्दल. शेडमध्ये उभं राहून कान गमावत चाललेल्या माझ्या अब्बांना ती जागा ऐकू आली होती, आणि मी त्यांना आकाशवाणीचा इतिहास शिकवत होते.

तरी मी 'मस्त मस्त' नाकारणार नाही. आजही घरात एकटी असले की लावते. अब्बांच्या बाजूचे लोक म्हणत, गोऱ्यांसाठी सूर पातळ केला. पण १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या मर्सी बेटावर वोमॅड महोत्सवात नुसरत पूर्ण पार्टी घेऊन, दोन पेट्या आणि टाळ्यांवरच गायले होते आणि शब्द न कळणारे लोक बसून राहिले होते. म्हणजे जुन्या सुरालाही दार उघडलेलंच होतं. नवा सूर त्यांनी गरजेपोटी घेतला असेल किंवा हौसेनं. माझ्यासारख्या जाळीआडच्या पोरीपर्यंत तो आला, हे खरं आहे. आणि तो आला तेव्हा मी दुसऱ्याची ओळ अर्ध्यात तोडली, हेही खरं.

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये रिअल वर्ल्डनं 'चेन ऑफ लाइट' काढलं. कंपनीचा जुना साठा हलवताना सापडलेल्या टेपा. चार कव्वाल्या, पूर्ण पार्टी, गिटार नाही, ड्रम नाही. त्यातली 'या गौस या मीराँ' तर याआधी कुणीच ऐकलेली नव्हती. रेकॉर्डिंग एप्रिल १९९० चं. म्हणजे 'मस्त मस्त' निघालं तेच वर्ष, आणि स्टुडिओही रिअल वर्ल्डचाच.

एका जुमेरातीला मी ते मोबाइलवर लावून अब्बांजवळ बसले. त्यांना आता डाव्या कानानं जवळजवळ ऐकू येत नाही. त्यांनी मोबाइल फोनवर बोलतात तसा उजव्या कानाशी धरला. बराच वेळ तसेच बसले. मग विचारलं, "मस्त मस्त के पैले का है?"

"नै अब्बा. उसीच साल का."

"जगा?"

"वोइच."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "याने उनू छोडे नै थे."

मी कपाटाकडे पाहिलं नाही. एवढ्या वर्षांत जे बोलायचं राहिलं होतं ते जिभेवर आलं होतं, पण अब्बांनी डोळे मिटलेले होते आणि तळवा गुडघ्यावर टाळीच्या लयीत पडत होता. म्हटलं, ही ओळ तरी पुरी होऊ दे. तेवढ्यात त्यांनी हातानं खूण केली, आवाज वाढव.

मोबाइलचा आवाज आधीच पूर्ण वाढवलेला होता.